भक्ती बर्वे घडतात कशा?

महाराष्ट्रातल्या कोणत्याही शालेय एकपात्री अभिनय स्पर्धेला जाऊन बसावे. दुपारपर्यंत एखादी तरी मुलगी पदर खोचून ‘ती फुलराणी’तल्या मंजुळेचे स्वगत म्हणायला उभी राहते. त्या मुलीने बहुधा नाटक पाहिलेले नसते आणि वाचलेलेही नसते. तिने पाहिलेले असते ते भक्ती बर्वे यांनी सादर केलेल्या त्या प्रवेशाचे जुने चित्रण. कुठे थांबायचे, कुठे आवाज चढवायचा, कोणत्या शब्दाला नाक मुरडायचे, हे ती तिथूनच उचलते. एखाद्या भूमिकेवर असा ठसा उमटवणे मराठी रंगभूमीवर फार थोड्या अभिनेत्रींना साधले. १९९० साली संगीत नाटक अकादमीच्या पुरस्काराने त्यांच्या कामावर राष्ट्रीय मोहोरही उमटली. या सगळ्या कौतुकात एक प्रश्न मात्र विचारायचा राहून जातो. अशी अभिनेत्री तयार होते कशी? ‘उपजत गुण’ हे त्याचे तयार उत्तर आहे. भक्तीताईंची कारकीर्द क्रमाने पाहिली, की ते अपुरे वाटू लागते.

१० सप्टेंबर १९४८ रोजी सांगलीत जन्मलेल्या भक्ती बर्वे रंगमंचावर आल्या त्या बालनाट्यातून. मुंबई मराठी साहित्य संघाच्या पाठबळावर सुधा करमरकर यांनी १९५९ साली ‘लिटल थिएटर’ ही बालरंगभूमी सुरू केली होती. मुलांच्या नाटकाला मोठ्यांच्या नाटकाइतकेच नेपथ्य, तितकीच प्रकाशयोजना आणि तितकीच कडक तालीम हवी, हा सुधाताईंचा आग्रह होता. तिथे आलेल्या मुलांना टाळ्यांच्या आधी शिस्त मिळाली. वेळेवर येणे, दुसऱ्याचे वाक्य नीट ऐकणे, शेवटच्या रांगेतल्या मुलापर्यंत शब्द पोचवणे या गोष्टी नटाला मोठेपणी शिकवता येतात, पण अंगात मुरतात त्या लहानपणीच. भक्तीताईंच्या पुढच्या सगळ्या कामाला ही बैठक होती.

दुसरी पायरी होती ध्वनिक्षेपकाची. मुंबई आकाशवाणीवर त्यांनी निवेदन केले आणि १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यानंतर त्या मराठी बातम्या वाचू लागल्या. निवेदन आणि वृत्तवाचन ही अभिनयाची कामे मानली जात नाहीत, तरी आवाजाच्या शिक्षणासाठी त्यांच्याइतकी चांगली शाळा क्वचितच मिळेल. हातवारे नाहीत, चेहऱ्यावर भाव नाहीत. जे पोचवायचे ते शब्दोच्चारातून, विरामातून आणि श्वासाच्या नेमक्या जागेतून. चुकलेला उच्चार लाखो घरांत ऐकू जाणार, ही जाणीव रोजची. त्या काळात घराघरांत भक्ती बर्वे हे नाव स्वच्छ, प्रमाण मराठीसाठी ओळखले जाऊ लागले.

म्हणूनच १९७५ साली आलेल्या ‘ती फुलराणी’तली त्यांची निवड आज मागे वळून पाहताना इतकी अर्थपूर्ण वाटते. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ या १९१३ सालच्या नाटकाचे पु. ल. देशपांडे यांनी केलेले हे मराठी रूप. निर्मिती इंडियन नॅशनल थिएटरची आणि प्रोफेसरच्या भूमिकेत सतीश दुभाषी. फुले विकणाऱ्या एका मुलीला शुद्ध बोलायला शिकवून ‘सुसंस्कृत’ करून दाखवण्याची पैज, हा नाटकाचा कणा. मंजुळा साकारणाऱ्या अभिनेत्रीला दोन भाषा बोलाव्या लागतात, आणि त्याहून अवघड म्हणजे एकीतून दुसरीत जाण्याचा सगळा प्रवास दाखवावा लागतो. पुलंनी स्वतः आकाशवाणीत आणि दूरदर्शनच्या अगदी पहिल्या दिवसांत काम केले होते, त्यामुळे आवाजाची ताकद त्यांना पुरती ठाऊक होती. प्रमाणभाषेवर रोज पहारा देणारी निवेदिका या भूमिकेसाठी त्यांना मिळाली. ज्या बोलीला शाळेत आणि कचेरीत हसले जाते, त्या बोलीचा ठसका आणि स्वाभिमान भक्तीताईंनी मुंबई-पुण्याच्या पांढरपेशा प्रेक्षकासमोर मांडला. तो प्रेक्षक आधी मंजुळेला हसला आणि नाटक संपताना तिच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

ते गाजलेले स्वगत पुन्हा एकदा लक्षपूर्वक पाहावे. अपमानाने पेटलेली मुलगी मास्तरावर सूड उगवण्याची स्वप्ने रंगवते. काही मिनिटांत राग, हुंदका, कल्पनेतला थाट, मास्तराची नक्कल आणि पुन्हा राग, असे सारे येऊन जाते. भक्तीताई यातला कोणताही भाव पुरता थांबू देत नाहीत. एक विरण्याआधीच दुसरा उगवतो, तरी शब्द एकदाही अस्पष्ट होत नाही. श्वास कुठे घेतला, हे प्रेक्षकाला कळतही नाही. स्पर्धेतल्या मुली ठसक्याची नक्कल करतात. तो ठसका तोलून धरणारे श्वासावरचे नियंत्रण नकलेने येत नाही. शिवाय हे एका दिवसाचे काम नव्हते. व्यावसायिक रंगभूमीवर शेकडो प्रयोगांत तोच राग नव्याने पेटवावा लागतो. सकाळी प्रवास, दुपारी एका गावात प्रयोग, रात्री दुसऱ्या गावात; घसा बसलेला असला तरी तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला पहिल्या प्रयोगाइतकेच ताजे काम द्यायचे असते. रंगभूमीवरच्या अभिनेत्रीचे मोठेपण मोजायचे तर या सातत्यात मोजावे लागते.

एकाच भूमिकेने अशी ओळख दिली, की नट त्या भूमिकेचा कैदी होण्याची भीती असते. भक्तीताईंना तारले ते प्रायोगिक आणि व्यावसायिक अशा दोन्ही बाजूंना असलेल्या वाटांनी. विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी ‘अजब न्याय वर्तुळाचा’मध्ये काम केले. बर्टोल्ट ब्रेख्त यांच्या नाटकाचे चिं. त्र्यं. खानोलकर यांनी केलेले हे मराठी रूप जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्या सहकार्याने उभे राहिले होते. त्या तालमींची पद्धत व्यावसायिक नाटकापेक्षा पुष्कळ वेगळी होती. पुढे अशोक पाटोळे यांच्या ‘आई रिटायर होतेय’मध्ये त्या घरकामातून निवृत्ती जाहीर करणारी आई झाल्या. हसत-खेळत सुरू होणाऱ्या त्या नाटकाने मध्यमवर्गीय घरांत बाईच्या बिनपगारी श्रमाचा विषय जेवणाच्या ताटावर आणला. अजित दळवी यांच्या ‘गांधी विरुद्ध गांधी’त त्यांनी कस्तुरबा साकारल्या. नवरा राष्ट्राचा आणि मुलगा हरिलाल कुणाचाच नाही, अशा कात्रीत सापडलेल्या बाईचे दुःख तिथे आवाज न चढवता मांडायचे होते. मंजुळेचा कल्ला आणि कस्तुरबांचा संयम एकाच अभिनेत्रीने तितक्याच ताकदीने पेलले.

मराठीबाहेरचा प्रेक्षक त्यांना ओळखतो तो मुख्यतः १९८३ सालच्या ‘जाने भी दो यारो’मुळे. कुंदन शाह यांच्या त्या चित्रपटात त्यांनी शोभा सेन ही वरकरणी ध्येयवादी, आतून सौदेबाज संपादिका रंगवली. पडद्यावर त्या फारशा रमल्या नाहीत. त्यांचे घर रंगभूमीच होते. अभिनेते शफी इनामदार हे त्यांचे पती. १९९६ साली इनामदार यांचे निधन झाले. २००० साली पुलं गेले. ‘पु. ल., फुलराणी आणि मी’ या कार्यक्रमातून भक्तीताई गावोगावी त्या भूमिकेची गोष्ट सांगत राहिल्या. १२ फेब्रुवारी २००१ रोजी वाईचा कार्यक्रम करून मुंबईला परतताना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर झालेल्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे ५२. प्रौढ अभिनेत्रीसाठी जे सर्वांत समृद्ध वय, ते मराठी नाटकाला त्यांच्याकडून मिळायचे राहिले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बालरंगभूमी, आकाशवाणी, दूरदर्शन, प्रायोगिक नाटक, दौऱ्यांवर जगणारे व्यावसायिक नाटक या पाच पायऱ्या नसत्या, तर सांगलीत जन्मलेल्या त्या मुलीच्या गुणांना हा आकार मिळाला नसता. यातली कोणतीही संस्था भक्ती बर्वे घडवण्यासाठी काढलेली नव्हती. प्रत्येक जण आपापले काम चोख करत होता, आणि त्या चोखपणातून एक कलावंत घडत गेला. आज या पायऱ्यांची अवस्था काय आहे? बालनाट्य पुष्कळ ठिकाणी उन्हाळी शिबिराच्या शेवटी पालकांसाठी होणाऱ्या सादरीकरणापुरते उरले आहे. नभोनाट्याचा श्रोता पांगला आहे. प्रायोगिक नाटकाला तालमीची परवडणारी जागा मिळवणे हेच मोठे काम होऊन बसले आहे. व्यावसायिक नाटक बरेचसे शनिवार-रविवारवर येऊन ठेपले आहे आणि उरलेल्या आठवड्यात नट मालिकांच्या चित्रीकरणात अडकलेले असतात. गुणी मुली आजही आहेत, अनेक आहेत. त्यांना मिळणारी वाट मात्र तुटक आहे.

यावर उपाय अवाढव्य नाहीत. शाळेत चित्रकलेला शिक्षक असतो तसा नाटकालाही असावा, आणि त्याने मुलांकडून स्नेहसंमेलनापुरते नाच बसवून न घेता वाचन, उच्चार आणि समूहात काम करणे शिकवावे. नगरपालिकांची नाट्यगृहे अभिनेत्रींना वापरता येतील अशी असावीत. स्वच्छ रंगपट आणि स्वच्छतागृह ही चैन नव्हे, कामाच्या जागेची किमान अट आहे. प्रयोग संपवून रात्रीच परतण्याची घाई टळावी यासाठी मुक्कामाची सोय हा दौऱ्याच्या हिशेबातला हक्काचा खर्च मानला जावा. आणि महत्त्वाच्या नाटकांचे संपूर्ण, दर्जेदार चित्रण करून ते अभ्यासकांना व विद्यार्थ्यांना खुले ठेवावे. मंजुळेचे स्वगत पाठ करणाऱ्या मुलीला त्या आधीचे आणि नंतरचे प्रवेशही पाहायला मिळाले, तर ती भक्तीताईंची नक्कल सोडून त्यांच्यासारखा विचार करायला लागेल.

पुरस्कार हे कलावंताच्या पूर्ण झालेल्या कामाला समाजाने दिलेले उत्तर असते. ते द्यायलाच हवे. पण समाजाची खरी जबाबदारी त्याआधी कितीतरी वर्षे सुरू होते, जेव्हा एखादी आठ-दहा वर्षांची मुलगी पहिल्यांदा तालमीला येते आणि तिला शिकवायला कुणीतरी जागेवर असावे लागते.