बाणावरचा रंग आणि हाताचे सोवळे

हाताने घडवलेल्या वस्तूला यंत्र शिवले की ती बाटली, असे मानणारा एक संप्रदाय प्रत्येक कारागिरीत असतो. अमेरिका-इंग्लंडात लाकडी बाण स्वतः घडवणाऱ्या हौशी धनुर्धरांतही तो आहे. काडी कोणत्या लाकडाची, पिसे कोणत्या पक्ष्याची, असे वाद या मंडळींत झडतात ते समजण्याजोगे आहे. परंतु एअरब्रशने रंगवलेला बाण 'हस्तनिर्मित' म्हणवून घेण्यास अपात्र ठरतो, हा त्यांच्यातील सोवळ्यांचा निवाडा आम्हांस साफ अमान्य आहे.

मुळात ते रंगवतात काय, हे आधी पाहू. बाणाची काडी पुष्कळदा पोर्ट ऑर्फर्ड सीडर या ऑरेगॉनकडील झाडाची असते. तिच्या मागल्या भागावर, पिसांच्या आसपास, रंगीत वळी काढतात. त्यांस तिकडे 'क्रेस्टिंग' म्हणतात. ही वळी काढण्याची मान्यताप्राप्त, तथाकथित पारंपरिक रीत मोठी गमतीची आहे. काडी एका छोट्या लेथवर चढवायची, मोटर सुरू करायची, आणि फिरत्या काडीला कुंचल्याचे टोक लावून हात शक्य तितका निश्चल ठेवायचा. वळे वाटोळे होते ते मोटरीच्या कृपेने. हाताचे कर्तव्य एवढेच, की त्याने हलू नये! आणि हे हातकाम.

आता एअरब्रशकडे वळू. हे अवजार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे, म्हणजे नव्याने उपटलेले मुळीच नाही. दाबलेली हवा रंगाचे तुषार करते. बोट खाली दाबले की हवा सुटते, तेच बोट मागे ओढले की सुई सरकून रंग सुटतो, आणि किती सुटावा हे त्या ओढीवर ठरते. फार जवळ धरले तर ओला रंग हवेच्या झोताने कोळ्याच्या पायांसारखा चहूकडे पळतो. फार दूर धरले तर तो वाटेतच वाळून काडीवर खरखरीत भुकटी होऊन बसतो. काडीची जाडी सेंटिमीटरभरही नाही, त्यामुळे बराचसा रंग तिला चुकवून निघून जातो. हात थबकला की ओघळ आलाच. अंतर, वेग, रंगाचा पातळपणा आणि बोटाची ओढ ही चारही भाने एका वेळी राखावी लागतात. यात हात नाही म्हणणाऱ्याने ते अवजार एकदा हाती धरून पाहावे. (सोबत नाकातोंडावर योग्य मुखवटाही धरावा, त्या तुषारांशी फुप्फुसांचे सख्य नाही.)

परंपरेचा हवाला द्यायचाच, तर इशीचा द्यावा. याही जमातीचा हा अखेरचा माणूस 1911 साली कॅलिफोर्नियात ओरोव्हिल येथे जगापुढे आला आणि 1916 साली क्षयाने वारला. मधल्या वर्षांत त्याने सॅक्स्टन पोप या डॉक्टरास आपली धनुर्विद्या शिकवली. पोप यांच्या 1923 सालच्या पुस्तकातून अमेरिकेतील धनुर्धरांच्या कित्येक पिढ्यांनी प्रेरणा घेतली. इशीच्या बाणांवर हिरव्या-काळ्या वळ्यांची रांग असे. त्याच्या लोकांचे जुने रंग वनस्पती-खनिजांचे, झाडांच्या चिकात कालवलेले. सॅन फ्रान्सिस्कोत आल्यावर मात्र तो सुके रंग शेलॅकमध्ये कालवू लागला. कारण? ते तैलरंगापेक्षा लवकर वाळत. ज्याच्या नावाने सोवळे पाळायचे, त्यानेच पहिल्या संधीस सोयीचे साधन उचलले आणि वळी आपलीच काढली. 'इशी' हेही त्याचे नाव नव्हे. त्या शब्दाचा अर्थ नुसता 'माणूस'. स्वतःचे नाव त्याने कोणास सांगितले नाही. बाणावरची खूण मात्र ठेवली.

आणि खूण हाच येथे कळीचा मुद्दा आहे. बाणावरचा रंग ही मालकाची ओळख असते. विराटपर्वात शमीवृक्षावरून उतरवलेली धनुष्ये नि बाण पाहून उत्तर एकेकाचे वर्णन करीत विचारतो, हे कोणाचे? आणि अर्जुन एकेकाचा धनी सांगतो. नावे घातलेले बाण तर महाभारतात जागोजाग आहेत. तेव्हा रंग कशाने लावला हा प्रश्न दुय्यम. तो वाचता येतो की नाही, हे आधी पाहावे.

या कसोटीवर एअरब्रशचे भक्तही आमच्या तडाख्यातून सुटत नाहीत. हाती नवे खेळणे आले की त्यांस काळ्यातून तांबडा, तांबड्यातून पिवळा असे विरघळते रंग काढण्याचा मोह आवरत नाही. वर ज्वाळा, कवट्या, सापाचे खवले! तुषारांचा स्वभावच कडा पुसण्याचा, आणि ओळखीच्या खुणेस तर कड हवी. दहा पावलांवरून पाहता असल्या दहा जणांचे बाण एकाच धुरातून काढल्यासारखे दिसतात. चिकटपट्टी लावून कड राखणे, किंवा पार्श्वभूमी एअरब्रशने आणि वळी कुंचल्याने काढणे त्यांस सुचू नये, हे आश्चर्य.

आपल्याकडे पेणच्या मूर्तिकारांना ते केव्हाच सुचले. गणपतीच्या अंगाचा रंग आणि त्याच्या छटा फवाऱ्याने येतात. डोळ्यांची आखणी मात्र कसलेला हात कुंचल्याने करतो. कारखान्यात कॉम्प्रेसर घरघरतो म्हणून मूर्ती बाटली, असे म्हणत कोणी पाटावरून गणपती परत पाठवल्याचे आमच्या ऐकिवात नाही. कोठे तुषार चालतील आणि कोठे रेघच हवी, हे त्या कारागिरास कळते, आणि त्याचे हातकाम आम्ही तेथे मोजतो.

सोवळ्या मंडळींस एवढेच सांगणे, की आधी त्यांनी आपल्या लेथची मोटर बंद करावी, काडी बोटांत धरून एक वळे पुरे करून दाखवावे, आणि मग आमच्याशी वादास यावे.