पद्मिनीला ब्रेक कोणते?

दिवाळी जवळ आली की अंधेरी-मुलुंडकडच्या एखाद्या सोसायटीत कोपऱ्यातल्या गाडीवरचे कापड निघते आणि आतून प्रीमियर पद्मिनी दर्शन देते. वडिलांनी घेतलेली, म्हणून विकवत नाही. मुले तिला पुसून लख्ख करतात, आणि यंदा हिच्यातूनच पुण्याला जायचे, असा बेत ठरतो. मग घरातले कोणीतरी शहाणे माणूस विचारते, "अहो, ब्रेक पॅड कोणते टाकायचे?"

वाचकहो, याचे उत्तर असे की कोणतेच नाहीत! पॅड असतात ते डिस्क ब्रेकला. पद्मिनी ही जुन्या फियाट 1100 ची लेक. तिच्या चाकांना ड्रम, ड्रममध्ये चंद्रकोरीसारखे दोन शू, आणि शूवर बसवलेले लायनर. तेव्हा दुकानात जाऊन मागायचे ते लायनर.

एके काळी हे मागणे सोपे होते. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना इथेच, कुर्ल्याला. 1964 साली फियाटची डिलाइट आली, पुढे सत्तरीच्या दशकात तिचीच पद्मिनी झाली, आणि शहरभर धावणाऱ्या काळ्यापिवळ्या टॅक्सींमुळे सुट्या भागांना रोजचे गिऱ्हाईक होते. कारखान्यातून गाडी निघणे केव्हाच थांबले. 2023 च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सीही वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली. आता मिळेल ते घ्यावे लागते, आणि फसगत होते ती इथेच.

शौकीन मंडळींना मोह पडतो जुन्या डब्याचा. तीस वर्षे फळीवर पडलेला, कंपनीचा छाप असलेला माल! छाप खरा असेलही, पण चिकटवलेल्या लायनरचा डिंक तितकी वर्षे दम धरील याची हमी कोण देणार? शिवाय त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास असे. डबा शोकेसमध्ये ठेवावा, गाडीत घालू नये. जुना ड्रम उघडताना आतली धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपाने उडवू देऊ नका. ओल्या फडक्याने पुसायला सांगा. ही धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही.

दुसरा मोह 'हेवी ड्यूटी'चा. कडक लायनर तापल्यावर छान धरतो. पण घाटकोपरहून अंधेरीला रखडत जाणाऱ्या गाडीत तो तापणार कधी? उलट तो ड्रम खातो, आणि नवा ड्रम मिळवणे लायनरपेक्षा कितीतरी अवघड. आमचे मत मध्यम मऊ, अ‍ॅस्बेस्टॉसविरहित लायनरच्या बाजूचे आहे. तो लवकर झिजेल, झिजू द्या.

सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ड्रमचे माप. जुना ड्रम लेथवर दोनतीनदा घासून घेतलेला असतो. त्याचा व्यास वाढतो, आणि नवा लायनर मधल्या भागातच टेकतो. मेकॅनिकला ड्रमच्या आत खडू फासून शू फिरवून पाहायला सांगा. खडू लायनरवर सगळीकडे लागला तर ठीक. मधेच लागला तर लायनर घासून गोलाई जुळवायला हवी. आणि बदलायचे ते पुढच्या दोन्ही चाकांचे किंवा मागच्या दोन्ही चाकांचे. एकाच चाकाचे बदललेत तर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढेल. लायनर तेलाने भिजला असेल तर आधी गळती शोधा, नाहीतर नवाही भिजेल.

एवढे करून लगेच बोरघाट गाठू नका. पहिले दोनेकशे किलोमीटर गावातच, हलक्या पायाने चालवा. खरी परीक्षा पुण्याहून परतताना, उतारावर. गाडीत पाच माणसे, वर फराळाचे डबे. वेग दुप्पट झाला की ब्रेकला पेलावी लागणारी उष्णता चौपट होते. ड्रममधली उष्णता कोंडून राहते, ड्रम फुगून शूपासून दूर सरतो, आणि पेडल खाली खाली जाऊ लागते. म्हणून उतार सुरू होण्याआधीच दुसरा गिअर टाका आणि इंजिनलाच गाडी धरून ठेवू द्या. खोपोलीला चहाला थांबलात तर तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक करकचून ओढू नका. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली दगड लावा, आणि चहा सावकाश घ्या.