गाडी नेमकी केव्हा बंद पडते, ते आधी लिहा



आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत कितीतरी घरांची चूल ट्रकवर पेटते. कोणी घुग्घुस-बल्लारपूरकडे कोळसा वाहतो, कोणी जंगलातून बांबू आणि तेंदूपाने, कोणी धान. नवी गाडी घेण्याची ऐपत थोड्यांची. जुनी टाटा किंवा लेलँड हप्त्यावर घ्यायची आणि तिच्या कमाईवर मुलांना शिकवायचे, अशी ही घरे आहेत.

अशा गाडीचा सर्वांत वाईट आजार म्हणजे अधूनमधून येणारा. आलापल्ली-सिरोंचा रस्त्यावर, भर जंगलात इंजिन बंद पडते. अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. मिस्त्रीपुढे नेली की गाडी शहाण्यासारखी चालते. मग मिस्त्री अंदाजाने पंप उघडतो, मालक ड्रायव्हरला बोल लावून मजुरी कापतो आणि कोणी सांगतो, नजर लागली, लिंबू-मिरची बांधा.

बाबासाहेबांनी 16 ऑक्टोबर 1956 रोजी याच चंद्रपुरात आपल्याला धम्म दिला. कारणाशिवाय काही घडत नाही, ही त्या धम्माची शिकवण आहे. गाडीलाही तोच नियम लागू आहे. अधूनमधून येणाऱ्या बिघाडालाही पक्के कारण असते. फक्त ते कारण ऊन, पाऊस, हादरा किंवा टाकीतले कमी डिझेल मिळाले की मगच जागे होते. म्हणून आधी पान्याला हात घालू नका, वही घ्या.

वहीत एवढे लिहा: गाडी थंड होती की तापलेली? चढावर बंद पडली की खड्ड्यात? टाकी भरलेली होती की अर्धी? इंजिन आचके देत थांबले की एकदम? त्या वेळी दिवे मंद झाले का? ड्रायव्हरला लिहिण्याचा कंटाळा असेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीने संध्याकाळी विचारून लिहावे. चार-पाच नोंदी झाल्या की रोग आपले तोंड दाखवू लागतो.

आता मोठी वाटणी लक्षात ठेवा. जुन्या साध्या पंपाचे डिझेल इंजिन एकदा सुरू झाले की त्याला चालायला वीज लागत नाही. दिवे ठीक आहेत, सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन आचके देऊन थांबते, तर दोष बहुधा डिझेलच्या वाटेत. सेल्फ नुसता टक् करतो, दिवे मंद होतात, तर दोष विजेच्या वाटेत. ज्या गाडीत इंजिन बंद करायला विजेचा सोलेनॉइड असतो, तिथे मात्र एक सैल वायरही धावते इंजिन एकदम थांबवू शकते. कॉमन रेलच्या नव्या गाड्यांना ही वाटणी लागू नाही. त्यांचे इंजिन विजेशिवाय चालतच नाही.

डिझेलच्या वाटेत पहिली तपासणी फुकट आहे. गाडी बंद पडताच टाकीचे झाकण उघडा. सूं करून हवा आत गेली आणि त्यानंतर इंजिन सुरू झाले, तर झाकणाचे हवेचे छिद्र धुळीने बुजले आहे. ते साफ करा. टाकीत कचरा असेल तर तो नळीच्या तोंडाशी ओढला जातो आणि इंजिन थांबले की खाली बसतो. म्हणूनच थोड्या वेळाने गाडी पुन्हा चालते. हातपंप मारल्यावर गाडी सुरू होत असेल, तर ती एअर घेते आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी आणि तांब्याचे वायसर पाहा. या भागात हवा आत ओढली जाते, म्हणून बाहेर डिझेलचा थेंब दिसेलच असे नाही. पावसाळ्यात फिल्टरच्या तळाचे पाणी काढत जा.

विजेच्या वाटेत आधी बॅटरीचे टर्मिनल घासून घट्ट करा. नंतर इंजिन ते चेसिसची अर्थची पट्टी काढून, गंज खरवडून पुन्हा बसवा. टेस्ट लॅम्पवर विसंबू नका. अर्धवट तुटलेली तारही लहान बल्ब पेटवते, पण सेल्फचा भार उचलत नाही. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या लोखंडाला लावून सेल्फ मारा. काटा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थ खराब आहे. इंजिन चालू असता 12 व्होल्टच्या गाडीत सुमारे 14 आणि 24 व्होल्टच्या गाडीत सुमारे 28 व्होल्ट दिसले पाहिजेत. कमी दिसले तर बेल्ट आणि अल्टरनेटर तपासा. शेवटी, चेसिसच्या छिद्रातून जाणाऱ्या वायरी एकेक हलवून पाहा. हादऱ्याने घासलेली वायर तिथेच सापडते.

फ्यूज वारंवार जातो म्हणून जाड तार घालू नका. त्याने केबिन पेटते. इंजिन चालू असताना बॅटरी सोडवू नका. पंपाकडून नोझलला जाणाऱ्या नळीची गळती बोटाने चाचपू नका. ती धार कातडीत शिरते. गाडीखाली जाण्याआधी चाकांना दगड लावा.

एका वेळी एकच दुरुस्ती करा आणि वहीत लिहा. स्वस्त आणि सोपे आधी, पंप खोलणे सर्वांत शेवटी. मिस्त्रीकडे जाताना वही बरोबर न्या. मालकाने दोष दिला तर तीच वही पुढे ठेवा. ड्रायव्हरच्या शब्दाला किंमत न देणाऱ्यालाही तारखेसह लिहिलेली नोंद वाचावी लागते.

जयभीम!