आधी खर्च करा, मग मागा!

परवा ओळखीतली एक पोरगी पेढे घेऊन ऑफिसात आली. पीएचडी करते, वडील कोरडवाहू शेतकरी. तिचा शोधनिबंध जर्मनीतल्या परिषदेसाठी निवडला गेलाय. पण चेहरा उतरलेला. म्हणाली, "काका, अनुदान मंजूर होईलही, पण पैसे परत आल्यावर मिळणार."

मंडळी, मेख इथंच आहे. प्रवासासाठी अनुदानाच्या योजना आहेत, केंद्राच्याही आहेत. पण बहुतेक ठिकाणी रीत एकच. तिकीट, व्हिसा, नोंदणी शुल्क आधी पदरचं भरा. आल्यावर बोर्डिंग पास, बिलं जोडा आणि वाट बघत बसा. नुसती शेंगेन व्हिसाची फी 90 युरो, विमानाचं तिकीट वेगळंच.

सरकारी अधिकारी दौऱ्यावर निघाला की त्याला प्रवासाची उचल मिळते, हिशोब नंतर. मग विद्यार्थ्याला का नाही? ज्याच्या घरात लाखभर रुपये मोकळे आहेत, त्यालाच हे अनुदान घेता येणार असेल तर ते नक्की कुणासाठी?

उपाय अवघड नाही. मंजुरी झाली की विद्यापीठानं तिकीट स्वतः काढून द्यावं. पैसे बुडायची भीतीच नको. आणि पोरांनो, निवडीचं पत्र येताच अर्ज टाका, आयोजकांकडे शुल्कमाफीही मागा. मागण्यात लाज कसली?

आपल्या भागातले सिनेट सदस्य हे वाचत असतील, तर येत्या बैठकीत हा विषय मांडा. ती पोरगी सध्या आईच्या पाटल्या गहाण ठेवायचा विचार करतेय.