नागीण, दूर्वांचा लेप आणि हातातून निसटणारे तीन दिवस

मागच्या महिन्यात एक आजी तपासायला आल्या. पाठीपासून पोटापर्यंत, उजव्या बाजूच्या बरगडीवर दूर्वा आणि तांदूळ वाटून केलेला लेप सुकून बसला होता. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, दहा दिवस झाले. नागीण सुकली, पण आईला रात्रभर झोप नाही. अंगाला पदर लागला तरी कळवळते." फोड खरोखरच सुकले होते. दुखणे मात्र राहिले होते.

अशा वेळी रुग्णावर रागावणे सोपे असते. मला ते बरोबर वाटत नाही. लेप लावणारी माणसे काळजीपोटीच लावतात. म्हणून हा लेप नेमके काय करतो आणि काय करत नाही, ते समजून घेऊ.

नागीण म्हणजे काय?

लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. मणक्याजवळच्या नसांच्या गाठींत तो वर्षानुवर्षे झोपून राहतो. तो हर्पिस गटातला विषाणू आहे. वय वाढले, मधुमेह किंवा इतर आजाराने प्रतिकारशक्ती कमी झाली की तो जागा होतो आणि एका नसेच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. म्हणून आधी दोन-तीन दिवस आग किंवा ठणका जाणवतो आणि मग शरीराच्या एकाच बाजूला फोडांचा पट्टा उठतो.

"नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस जातो" ही भीती अजूनही घरोघरी आहे. नसा दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या असतात, त्यामुळे पट्टा सहसा मध्यरेषेपाशीच थांबतो. ही भीती मनातून काढून टाका.

मग लेपाने बरे कसे वाटते?

ओल्या, गार लेपाने आग कमी होते, हे खरे आहे. कोरफडीच्या गरानेही थंड वाटते. पण साध्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडाची घडीही हेच काम करते. शिवाय नागिणीचे फोड काहीही न लावता साधारण सात ते दहा दिवसांत खपलीला येतात आणि दोन ते चार आठवड्यांत त्वचा भरून येते. श्रेय मात्र लेपाला किंवा नागीण उतरवणाऱ्याला मिळते.

विषाणू नसेत असतो. वरून लावलेला पाला तिथे पोहोचत नाही. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर आमचे असायक्लोव्हिरचे मलमही नागिणीत उपयोगाचे नाही. गोळ्याच लागतात. लसूण, चुना यांसारखे पदार्थ तर लावूच नका, त्यांनी कातडी भाजते. फुटलेल्या फोडांवर वाटलेला पाला लावला तर जंतुसंसर्गाची भीती असते.

वनस्पतींना माझा विरोध नाही

मिरचीला तिखटपणा देणारे कॅप्सायसिन नागिणीनंतर उरणाऱ्या नसेच्या वेदनेवर मलम आणि पट्टीच्या रूपात वापरले जाते. पण त्याची मात्रा ठरलेली असते आणि ते जखम पूर्ण भरल्यावरच लावायचे असते. म्हणून घरची मिरची वाटून लावू नका.

माझा आक्षेप आहे तो वाया जाणाऱ्या वेळेवर. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा फायदा सर्वांत जास्त होतो. नवे फोड थांबतात आणि दुखण्याची तीव्रता कमी होते. हे तीन दिवस "आधी लेप लावून बघू" म्हणण्यात जातात. नंतर काही रुग्णांची वेदना तीन महिन्यांहून अधिक, कधी वर्षभरही राहते. वय जितके जास्त, तितका हा धोका मोठा.

एवढे लक्षात ठेवा

- एका बाजूला आग आणि फोड दिसले की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आवर्जून सांगा, गोळ्यांची मात्रा बदलावी लागते.
- कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जा. दृष्टी जाऊ शकते.
- फोड स्वच्छ आणि सैल कपड्याने झाका. खपली धरेपर्यंत गरोदर स्त्रिया, तान्ही बाळे आणि कांजिण्या न झालेल्यांपासून दूर राहा.
- पन्नाशीनंतर नागिणीची लस घेता येते. दोन डोस असतात. महाग आहे, पण आपल्या डॉक्टरांशी एकदा बोला.

घरातल्या मोठ्यांनी दूर्वा वाटायला घेतल्या तर त्यांच्याशी भांडू नका. फक्त दूर्वा वाटून होण्याआधी रुग्णाला घेऊन दवाखान्यात या.