सही गुरूची, मजकूर शिष्याचा

अमेरिकेत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणासाठी जाऊ इच्छिणाऱ्या आमच्या तरुण डॉक्टरांची धावपळ दर वर्षी सप्टेंबरच्या सुमारास शिगेला पोहोचते. परीक्षा झालेल्या असतात, दाखले जमलेले असतात. अडून राहते ते प्राध्यापकांचे शिफारसपत्र. ते लेटरहेडवर हवे की साधा कागद चालेल, तारीख कोठे घालावी, सही शाईची हवी काय, मजकूर एक पान असावा की दोन, अशा प्रश्नांनी उमेदवार हैराण होतात. हे प्रश्न कारकुनी वाटतात खरे. परंतु त्यांच्यामागे एक सरळ हेतू आहे. छापील शीर्षक, तारीख, हुद्दा, पत्ता आणि सही यांचा अर्थ एवढाच की, या शब्दांची जबाबदारी अमुक एका माणसाने घेतली आहे व शंका आल्यास त्याला विचारता येईल. आमच्याकडे नेमके हेच विसरले जाते. कागद नियमाप्रमाणे असतो, सही खरी असते, शिक्काही ठसठशीत उमटलेला असतो. फक्त शब्द त्या माणसाचे नसतात.

‘तूच लिहून आण, मी सही करतो’ हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा वैद्यकीय विद्यार्थी महाराष्ट्रात विरळाच. प्राध्यापकांना फुरसत नसते, हे आम्हांस मान्य आहे. सकाळी बाह्यरुग्ण विभाग, दुपारी शस्त्रक्रिया, संध्याकाळी परीक्षांचे काम, असा ज्यांचा दिवस, त्यांच्याकडून ललितलेखनाची अपेक्षा कोणी करीत नाही. शिवाय ही सवय आमच्या शिक्षकांना लागावी तरी कोठून? आपल्याकडे एमबीबीएसचा प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर ठरतो, शिफारसपत्राला तेथे स्थान नाही, आणि वशिल्याच्या चिठ्ठ्यांचा आमचा इतिहास पाहता ते नसणेच बरे.

पण अमेरिकेची रीत निराळी आहे. तेथे वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या प्रवेशासाठीदेखील शिक्षकांची पत्रे लागतात, आणि तेथील वैद्यकीय महाविद्यालयांची संघटना त्यांना शिफारसपत्र न म्हणता मूल्यमापनपत्र म्हणते. उमेदवाराची वकिली करू नका, त्याची योग्यता सांगा. त्याला किती काळ व कोणत्या नात्याने ओळखता ते लिहा. अर्जात असलेले गुण पुन्हा उतरवू नका, असे लेखकांना बजावलेले असते. पदव्युत्तर जागांसाठी प्रत्येक ठिकाणी चारच पत्रे पाठविता येतात. त्यातच तेथील परवाना परीक्षेचा पहिला टप्पा जानेवारी २०२२ पासून केवळ उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण एवढेच सांगू लागला. ज्या आकड्याच्या बळावर आमची मुले उठून दिसत, तो आकडाच गेला. साहजिकच पत्राचे वजन वाढले.

यातील खरी गोम पुढेच आहे. विद्यार्थ्याला स्वतःविषयीचे कागद पाहण्याचा हक्क अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने दिला. परंतु पत्र न पाहण्याचे उमेदवाराने आपण होऊन मान्य करावे, असा तेथे प्रघात आहे. पत्रही उमेदवाराच्या हातून जात नाही. लेखकाने ते स्वतः चढवायचे असते. मग जे पत्र रात्री जागून आपणच लिहिले, ते मी पाहणार नाही असे लेखी देणारा तरुण आपल्या परदेशी कारकिर्दीचा आरंभ कशाने करतो? दोष त्याचा नव्हे, त्याला तेथे आणून उभे करणाऱ्याचा होय.

स्वतःविषयी बोलावयास अर्ज मोकळा आहे. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेश मागताना आपण सर्व अटी पुऱ्या करू शकणार नाही, हे स्वच्छ लिहिले होते. ते त्यांचे शब्द होते व खाली सही त्यांचीच होती.

कोणी म्हणेल, मजकूर कोणाचाही असो, स्तुती खरी असली म्हणजे झाले. पण स्वतः लिहिणारा विद्यार्थी काय लिहिणार? ‘कष्टाळू, नम्र, सर्वांचा आवडता.’ मध्यरात्री वॉर्डात रोग्याच्या लघवीचे प्रमाण घटल्याचे त्याने परिचारिकेच्या आधी ओळखले, हे शिक्षकालाच ठाऊक असते, आणि वाचणाऱ्याला हवे असते तेच. तातडीच्या रुग्णसेवेच्या शाखेने तर १९९० च्या दशकातच ठराविक नमुना आणला. त्यात उमेदवाराची बरोबरीच्यांशी तुलना करावी लागते, आणि गेल्या वर्षी आपण किती जणांना वरच्या श्रेणीत बसविले, हेही लेखकाला सांगावे लागते. सर्वांनाच सर्वोत्तम म्हणणारा तेथे आपल्याच आकड्यांनी उघडा पडतो.

आमच्या महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांनी एवढे तरी करावे. विद्यार्थ्याकडून कामाचे टिपण अवश्य घ्यावे, पण पत्र शिक्षकानेच लिहावे, मग ते अर्ध्या पानाचे का असेना. आणि ज्या प्राध्यापकाला हजेरीपट पाहिल्यावाचून विद्यार्थ्याचे नाव आठवत नाही, त्याने जुलैतच नकार द्यावा. दुसरा शिक्षक शोधण्यास तेव्हा अवधी असतो. सप्टेंबरात तो उरत नाही.