तोफेची हौस आणि तोपचीचा हात

मध्य प्रदेशातल्या रायसेनमध्ये रमजानचा रोजा आजही तोफेच्या आवाजावर सुटतो. भोपाळपासून पन्नासेक किलोमीटरवरचे हे गाव. मग्रिबची वेळ झाली की मशिदीवरचा दिवा इशारा करतो, किल्ल्याच्या टेकडीवरचा तोपची बत्ती देतो आणि आसपासच्या खेड्यापाड्यांत लोक खजूर तोंडात टाकतात. सहेरी संपल्याची वर्दीही तोफच देते. हा रिवाज भोपाळच्या नवाबी काळापासूनचा. कैरोच्या किल्ल्यावर, जेरुसलेममध्ये, सारायेव्होच्या बुरुजावरही इफ्तारचा बार होतो. दुबईत तर हे काम पोलीस खातेच करते.

रायसेनची खरी गंमत आवाजाच्या मागे आहे. या तोफेला जिल्हाधिकाऱ्यांकडून एका महिन्याचा परवाना मिळतो. ईद झाली की तोफ साफ करून सरकारजमा होते. पूर्वी मोठी तोफ असे. किल्ल्याला धक्का बसेल म्हणून लहान आणली. तोफ वाजवणारे ठरलेले, जागा वस्तीपासून दूर, बार वेळेला एकच. नळीत गोळा नसतो, नुसती दारू. इतका बंदोबस्त आहे म्हणूनच रिवाज टिकला.

हे आज लिहायचे कारण, तोफेची हौस आता आपल्याही दारात आली आहे. पितळी नाहीतर लोखंडी, चाकांच्या गाड्यावर बसवलेली, जुन्या तोफेची हुबेहूब नक्कल. शिवजयंतीला मंडळापुढे, लग्नात वरातीपुढे, कुठे उरुसाला, कुठे ईदच्या जुलूसात. ही हौस जातधर्म पाहत नाही. यंदा तर शिवजयंती आणि रमजान एकमेकांच्या शेजारी आले.

हौसेला नावे ठेवण्याचा माझा इरादा नाही. तोफ आपल्या मातीतली आहे. विजापूरची मलिक-ए-मैदान १५४९ साली ओतली गेली ती अहमदनगरात. पानिपतावर १७६१ साली मराठ्यांच्या तोफांची मदार होती इब्राहिमखान गारदीवर. आणि भाषेचे काय सांगावे! तोप शब्द तुर्की, बारूदला आपण दारू म्हणतो. गोळा फेकणारा तो फारसीतला गोलंदाज. आपण त्याला क्रिकेटच्या मैदानात नेऊन सोडला. वर्गात हे सांगितले की मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात.

पण गोलंदाज हा कसबी माणूस होता. एक बार झाला की नळीत ठिणगी दबून राहते. ओल्या बोळ्याने नळी पुसल्याशिवाय पुढची दारू ठासली, तर ती ठासणाऱ्याच्या हातातच पेटते. गोळा नसला म्हणून भय संपत नाही. दारूवर ठासलेला बोळाही जवळच्या माणसाला जखमी करू शकतो. दिवाणखान्यात ठेवायला ओतलेल्या नळीचे ओतकाम कोणी तपासलेले नसते. आत पोकळी राहिली असेल तर बाराचा दाब तिथून बाहेर पडतो आणि नळीच फुटते. वरातीत हे सगळे सांभाळणार कोण? नवऱ्या मुलाचा मित्र, ज्याच्या एका हातात मोबाइल असतो?

गेल्या दिवाळीत, ऑक्टोबर २०२५ मध्ये, रायसेनच्या शेजारच्याच भोपाळ आणि विदिशा भागात काय झाले ते आपण वाचले आहे. प्लास्टिकच्या पाइपाची बंदूक, आत कॅल्शियम कार्बाइड आणि पाणी. बार झाला नाही म्हणून पोरे नळीत डोकावली आणि तेवढ्यात वायू पेटला. मध्य प्रदेशात शंभराहून जास्त जणांच्या डोळ्यांना इजा झाली, त्यांत लहान मुलेच अधिक. काहींची नजर गेली. एका जिल्ह्यात शेकडो वर्षांचा सांभाळलेला बार आणि त्याच्या सीमेला लागून हा प्रकार. दोन्हीकडे आनंदच साजरा होत होता.

कायदा नाही असे मुळीच नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात अग्निशस्त्राच्या व्याख्येत तोफाही येतात. काळी दारू १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली येते. ‘अहो, शोभेची आहे’ म्हटल्याने बत्ती दिलेली नळी शोभेची राहत नाही. नुसती मिरवायची असेल तर मिरवावी, फुले वाहावीत, फोटो काढावेत. वाजवायचीच असेल तर गावाची मिळून एक तोफ असावी. तिला रीतसर परवाना, शिकलेला तोपची आणि मोकळी जागा हवी.

ईदच्या आधी शांतता समितीची बैठक होईल. तिथे दरवर्षी डीजे आणि मिरवणुकीचा मार्ग यांवरच वेळ जातो. यंदा दोन्हीकडच्या मंडळींनी एक प्रश्न आणखी विचारून घ्यावा: गावात वाजणाऱ्या तोफा किती, त्यांची दारू कुणाच्या घरात ठेवली आहे, आणि त्या घरात मुले किती वर्षांची आहेत.